डाव्या हाताचे उलथणे

मित्रांनो, स्वयंपाकघरात मान कुणाला? कुकरला. त्याने एक शिट्टी मारली की अख्खे घर धावत येते. मान कढईला, मान मिक्सरला. उलथणे मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. काम झाले की ओट्यावर आडवे, नाहीतर खरकट्या भांड्यांत पालथे. तरीही आज मी बोलणार आहे, कारण आमच्या घरातली एक गोष्ट बरेच दिवस माझ्याशिवाय जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हती. मी एक जुने उलथणे आहे, आणि त्यातही डावे. उलथण्यात डावे-उजवे कुठे असते, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरात होते. गोष्ट फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर माझ्यावर रुसू नका.

त्या घरातले बाबा कपाटांच्या कारखान्यात पत्रेकाम करत. पत्रा मापून कापायचा, यंत्रावर वाकवायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या, हे त्यांचे रोजचे काम. हाताला असे वळण लागले होते की घरात नवी वही आली तरी तिच्या पुठ्ठ्याच्या कडेवरून ते एकदा बोट फिरवून बघत. एका वर्षी कारखान्यात पत्रा वाकवायचे नवे यंत्र आले आणि ते बसवायला जपानहून एक माणूस आला. तो पाच महिने त्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिला. सगळे त्याला पाहुणाच म्हणत. पाहुणा अंडी उकडून खायचा, भात खायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. आईला त्याची काळजी लागून राहिली.

"हा माणूस आपल्या घरात झुरून जायचा, आणि नाव आपलं खराब व्हायचं," ती बाबांना म्हणाली.

मग एका रविवारी पाहुणा एक मोठा कोबी बगलेत मारून खाली आला आणि खुणांनीच त्याने शेगडी मागितली. कोबी त्याने दोऱ्यासारखा बारीक चिरला. मैदा, अंडी, किसलेला कंद आणि पाणी यांचे सरबरीत पीठ केले, त्यात कोबी आणि कांद्याची पात घालून दोनचारदाच खालीवर केले. जाड लोखंडी तव्यावर त्याचा दोन बोटे जाडीचा गोल थापला, वर कोळंबी पसरली आणि हात बांधून शांत उभा राहिला. उलटायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. त्याला दोन्ही हातांत धरायला दोन लहान, रुंद उलथणी हवी होती. घरात होते एकच, तेही लांबलचक. शेवटी दुसऱ्या हातात त्याने बाबांची लोखंडी मोजपट्टी धरली आणि एका झटक्यात तो गोल उलटवला. मोजपट्टीवरचे आकडे कोबीने भरून गेले. आईला हसू आवरेना, पण बाबा हसले नाहीत. कामाला नीट हत्यार नसणे त्यांना बघवत नसे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारखान्यातल्या उरलेल्या जाड पत्र्याच्या एका तुकड्यातून आम्हा दोघांना कापले. एकाच पत्र्यातून, एकाच बैठकीत. तळहाताएवढे रुंद पाते, पुढची कड घासून पातळ केलेली, मान थोडी वाकवलेली, मुठीला लाकूड. आम्ही स्टेनलेस वगैरे नव्हतो. साधे लोखंड. पुसून तेलाचा हात दिला तर जन्मभर टिकणारे, विसरलात तर गंजणारे. पाहुण्याने आम्हाला हातात घेऊन बाबांना कमरेतून इतके वाकून नमस्कार केला की बाबाच अवघडून गेले.

पदार्थाचे नाव होते ओकोनोमियाकी. जाताना पाहुण्याने सांगितले की त्याचा अर्थ साधारण 'आपल्याला आवडेल ते घालून भाजलेले' असा होतो. आईची जीभ त्या नावात तीनदा अडकली. चौथ्यांदा तिने नुसते 'ओको' म्हटले, आणि तेच राहिले.

पाहुणा गेला, ओको राहिला. दर रविवारी दुपारी तवा चढायचा. "तुझ्यात काय घालू?" असे आई प्रत्येकाला विचारायची. मोठ्या मुलाला, म्हणजे दादाला, कोळंबी लागे. धाकटी मुलगी अंगाने लहान आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिला मक्याचे दाणे लागत. आईला काहीही चाले. बाबांना नुसता कोबी. बाबा उजव्या हातात एक उलथणे धरत आणि डाव्या हातात मला. दोन्ही बाजूंनी आम्ही खाली सरकायचो, एक श्वास थांबायचो, आणि ओको हवेत वळून पुन्हा तव्यावर बसायचा. मग वर टोमॅटो आणि सोयाचा घट्ट गोडसर सॉस. पाहुणा वर्षातून एकदा सुक्या माशाचे पापुद्रे पाठवायचा. ते गरम ओकोवर टाकले की वाफेने हलायचे, आणि चिमणी ओरडायची, "बाबा, ते जिवंत आहेत!"

कापायचे कामही आमचेच. तिथे मात्र दर वेळी रणकंदन. "तिचा तुकडा मोठा!" "ह्याने कोळंबी जास्त घेतली!" भांडून भांडून दोघे घर डोक्यावर घेत. शेवटी आईने नियम घातला, एकाने कापायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. त्या दिवसापासून दादा मला हातात घेऊन असा कापायचा की मापून बघावे. चिमणी दोन्ही तुकड्यांकडे डोळे बारीक करून बघत बसायची, तोवर ओको गार व्हायचा. पुढे मोठेपणी दादा घरांचे नकाशे काढू लागला, यात मला तरी काही नवल वाटले नाही. चिमणी शाळेत शिकवू लागली. तो नियम मात्र दोघांच्या अंगात मुरला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो.

दादा नऊ वर्षांचा असताना बाबांचा डावा हात यंत्रात सापडला. पाहुण्याने बसवलेल्या त्याच यंत्रात. बोटे वाचली, पण मूठ वळेना. कारखान्याने त्यांना कोठीत बसायचे काम दिले. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी नेहमीसारखे मला डाव्या हातात घेतले आणि मी खणकन फरशीवर पडले. त्या आवाजाची मला अजून लाज वाटते. माझी चूक नव्हती, तरी वाटते.

आईने मला उचलले, धुतले आणि एक लाकडी खोके ओढून बाबांच्या डाव्या बाजूला त्यावर उभी राहिली, कारण ती उंचीने कमी होती.

"मी एक म्हणते, दोन म्हणते," ती म्हणाली. "पुढचं तुम्ही म्हणा."

"काय म्हणू?"

"काय म्हणू काय? उलट म्हणा!"

"एक, दोन," आई म्हणाली. "उलट!" बाबा म्हणाले. पहिला ओको अर्धा तव्यावर आणि अर्धा शेगडीवर पडला. तिसऱ्या रविवारपर्यंत आमचे चौघांचे जमून गेले. चौघांचे म्हणजे ती दोघे आणि आम्ही दोघे. तेव्हापासून मी आईचे, माझे भावंड बाबांचे. सत्तावीस वर्षे असे चालले. मुले नोकऱ्यांसाठी वेगवेगळ्या गावांना गेली, तरी रविवारी खोके पुढे यायचे आणि आई त्यावर चढायची. शेजारच्या काकू खिडकीतून बघत आणि म्हणत, "तुमचं हे नाटक बघितल्याशिवाय माझा रविवार होत नाही बाई."

एका थंडीत आई चार दिवसांच्या तापाने गेली. मुले आली, रडली, आठ दिवस राहिली. दोन आठवड्यांनी रविवारी परत येऊन आईचे कपाट आवरायचे असे ठरवून ती गेली. घरात बाबा उरले.

आता मी तुम्हाला ती गोष्ट सांगते, जी मला ठाऊक आहे.

मुले गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी आपला कारखान्यातला जुना चामड्याचा पट्टा काढला. एक टोक पायाखाली दाबून एका हाताने तो अर्धा कापला. खिळ्याने नवी भोके पाडली. मग मला डाव्या तळहातावर ठेवले आणि पट्टा हाताभोवती गुंडाळून, दातांनी ओढून, बकल लावले. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा त्या हातात आले. हात थंड होता. त्यांनी कोबी चिरला, तवा तापवला, गोल थापला.

"एक, दोन," ते स्वतःच म्हणाले. "उलट!" हेही स्वतःच म्हणाले. ओको सरळ जमिनीवर गेला.

दुसऱ्या दिवशीचा फुटला. त्याचे तुकडे त्यांनी बशीत घालून काकूंना नेऊन दिले. तिसरा पाकिटासारखा दुमडला. असे रोज चालले. पट्ट्याने मनगटावर लाल वळ उठले, त्यावर ते खोबरेल तेल लावत आणि थोडे मलाही लावत. त्या दिवसांत बाबा सकाळी उठून दाढी करत होते, बाजारात जात होते, तव्याशी बोलत होते. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी मी आणि माझे भावंड बरोबर एका वेळी खाली सरकलो, बरोबर एका वेळी उठलो, आणि ओको पूर्ण वळून तव्यावर बसला. कुठे चीरसुद्धा नाही. बाबा खोक्याकडे वळून म्हणाले, "अगं, बघितलंस?"

खोके रिकामे होते. मग डोळे पुसून बाबा बाहेर गेले आणि मोठा कोबी, बारा अंडी, कोळंबी आणि मक्याचे दाणे घेऊन आले. उद्या मुले येणार होती. त्यांना आधी काही सांगायचे नाही, एकदम करूनच दाखवायचे, असा त्यांचा बेत होता. म्हातारी माणसेही कधी कधी लहान मुलांसारखी असतात, मित्रांनो.

रविवारी मुले ठरल्यापेक्षा लवकर आली. येतानाच बाहेरून जेवण बांधून आणले होते, बाबांना त्रास नको म्हणून. आल्या आल्या आईचे कपाट उघडले. साड्या, शाली, चष्मा, शिवणाचा डबा. दादा दोन-दोन वाटे करत होता आणि चिमणी आधी उचलत होती. दोघे रडत होती, पण किती समजूतदारपणे! "तुला हवी तर ही पण घे." "नको दादा, तू ठेव." फिरत फिरत ती स्वयंपाकघरात आली. बाबा दाराशी खुर्चीवर बसले होते.

चिमणीने आम्हाला ओट्यावर बघितले आणि तिचा बांध फुटला. "दादा, आईची उलथणी!"

दादाने आम्हाला शेजारी शेजारी ठेवले. अगदी मापून. "उचल," तो म्हणाला. चिमणीने मला उचलले. दादाने माझ्या भावंडाला.

"बाबा, नेऊ ना?" चिमणीने विचारले. "आईची आठवण म्हणून?"

"घ्या, घ्या," बाबा म्हणाले. "मला काय करायचंय आता?"

बाबांचा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. मूठ वळत नसतानाही तो वळायला बघत होता. बोटे थोडी आत जायची, परत सरळ व्हायची. मला ते दिसत होते. मला ओरडावेसे वाटले. पण उलथण्याला कुठे आवाज असतो? जमिनीवर पडले तरच काय तो आवाज, आणि चिमणीने तर मला छातीशी घट्ट धरले होते.

निघताना तिने टोपलीत बघितले. "बाबा, एकट्याला एवढा मोठा कोबी कशाला आणलात?"

"ताजा दिसला म्हणून," बाबा म्हणाले.

चिमणीने मला मऊ कापडात गुंडाळले, आईच्या चष्म्याबरोबर एका डब्यात ठेवले आणि डबा कपाटात सर्वांत वर, सुरक्षित जागी ठेवला. आपण कुणाला तरी इतके जपायला लागलो की त्याचा श्वास कोंडतो, हे माणसांच्या लक्षात येत नाही. पहिल्या पावसाळ्यात माझ्या कडेला गंज धरला, दुसऱ्यात पात्यावर आला. बाहेरून चिमणीचा फोनवरचा आवाज यायचा. "बाबा, जेवलात का? काय केलं होतं? काहीतरी म्हणजे काय?" दोन वर्षे मी हेच प्रश्न ऐकले.

तिकडे काय चालले होते ते मला नंतर तव्याने सांगितले. बाबांनी बाजारातून प्लास्टिकची दोन उलथणी आणून बघितली. ती तापल्यावर वाकली. दुसरी करायला ना हात होता, ना कारखाना. मुलांकडे आम्हाला परत मागणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. मग ते चहाबरोबर पाव खाऊ लागले, आणि नंतर नुसता चहा घेऊ लागले. तवा गंजला. दुसरे वर्ष सरता सरता बाबांनी अंथरूण धरले. छातीत पाणी झाले होते. डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी पाठवताना चिमणीला बाजूला घेऊन सांगितले, "त्यांना जे आवडेल ते खायला द्या."

चिमणी रजा घेऊन बाबांकडे राहायला आली. दुसऱ्या दिवशी ओट्याखालचा खण आवरताना तिच्या हाताला तो पट्टा लागला. बकलाच्या भोकांत पीठ वाळून बसले होते. तिला काही उमगेना. तेवढ्यात काकू पेज घेऊन आल्या.

"काकू, हा कसला पट्टा?"

"अगं, तुला ठाऊक नाही?" काकू म्हणाल्या. "तुमची आई गेल्यावर तुझ्या बाबांनी तो हाताला बांधून उलटायला शिकून घेतलं होतं ना! रोज एक मोडका मला आणून द्यायचे. मीठ कमी असायचं, पण मी बोलले नाही. तुम्ही रविवारी येणार म्हणून नुसती धांदल चालली होती त्यांची. मग नंतर का बंद केलं, देव जाणे."

चिमणी पट्टा हातात घेऊन फरशीवरच बसली. तिथूनच तिने फोन लावला. "दादा, भिंतीवरचं काढ आणि ये," एवढेच ती म्हणाली.

मग ती आपल्या घरी येऊन मला बाबांकडे घेऊन गेली. मीठ आणि तेल लावून तिने माझा गंज इतका घासला की तिची नखे काळी झाली. दुपारी दादा आला. पिशवीतून त्याने माझ्या भावंडाला काढले आणि मी त्याला ओळखलेच नाही. दादाने त्याला चकचकीत रोगण देऊन, पात्याला दोन भोके पाडून, स्क्रूने लाकडी फळीवर बसवले होते. बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. रोगण खरवडून निघाले. भोके कशी निघणार? दादा त्या भोकांवरून सारखा अंगठा फिरवत होता. "अगदी मधोमध पाडली गं मी," तो म्हणाला आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागला.

कोबी चिरला गेला. नुसता कोबी, बाबांच्या आवडीचा. दादा उजवीकडे उभा राहिला, चिमणी डावीकडे, खोक्यावर. शेजारच्या खोलीत बाबा डोळे मिटून पडले होते. कड तपकिरी झाली, आम्ही दोन्ही बाजूंनी खाली सरकलो. माझ्या भावंडाच्या भोकांतून कच्चे पीठ वर येत होते.

"एक, दोन," चिमणी म्हणाली, आणि थांबली.

पुढचा शब्द दादाने म्हणायचा होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. ओको खालून करपू लागला. मी वाट बघत होते. सगळेच वाट बघत होते. आणि शेजारच्या खोलीतून, अगदी क्षीण, पण स्पष्ट आवाज आला.

"उलट!"

आम्ही उलटवले. ओको फुटला. निम्मा तव्यावर, निम्मा शेगडीवर, अगदी आईच्या पहिल्या वेळेसारखा. उरला तेवढ्यावर सॉस घालून तो त्यांनी बाबांपुढे नेला. चिमणीने त्यांना उठवून बसवले. बाबांनी एक घास खाल्ला.

"उलथण्याने वरून दाबलात ना?" ते म्हणाले. "दाबायचं नसतं."

"बाबा, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?" चिमणीने विचारले.

बाबांना धाप लागत होती. ते थांबत थांबत म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा तुम्ही दोघं वाटणी करताना भांडला नाहीत. तुमच्या आईला ते बघायचं होतं. म्हटलं, मध्ये कशाला बोलायचं."

दादाने तो पट्टा आणला. बाबांच्या डाव्या हातावर मला ठेवून त्याने हलकेच बकल लावले. हात पहिल्यापेक्षा हलका झाला होता, माझेही ओझे त्याला पेलवत नव्हते. तरी बाबांनी मला बशीत टेकवले आणि उरलेला ओको कापला. वाकडातिकडा कापला गेला. एक तुकडा मोठा, एक लहान.

"उचला," ते म्हणाले.

दोघांचेही हात लहान तुकड्याकडे गेले.

त्यानंतर नऊ दिवसांनी बाबा गेले. या वेळी घर आवरताना आमची वाटणी झाली नाही. आम्ही दोघे आता चिमणीच्या स्वयंपाकघरात एकाच खणात असतो, त्याच पट्ट्याने एकत्र बांधलेले. दादा रविवारी येतो. कधी ओको जमतो, बहुतेक वेळा फुटतो. 'उलट' हा शब्द म्हणायची वेळ आली की दोघेही अजून एक क्षण थांबतात. त्या क्षणात मला फार वाईट वाटते. ज्या घरात हा पदार्थ केला जाई, तिथे दर रविवारी विचारले जायचे की तुला काय आवडेल, आणि ज्या दिवशी ते बाबांना विचारायला हवे होते, त्याच दिवशी कुणी विचारले नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्याही हातून घरे आवरली जातील. गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. लोखंडाची असली तर तेलाचा हात द्या, बंद डब्यात कोंडू नका, भोके पाडू नका. पण ती उचलण्याआधी, जो मागे उरला आहे त्याला विचारा. तो "घ्या, घ्या" म्हणाला तर पुन्हा एकदा विचारा. आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे नका बघू, त्याच्या हाताकडे बघा.